नाशिकला दोघांनीच जायचंय? मग आधी द्राक्षांना विचारा

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं एप्रिलअखेर नाशिकला गेलो होतो. डोळ्यांसमोर हिरवेगार मांडव आणि त्यांतून लोंबणारे घड. प्रत्यक्षात ओळीच्या ओळी नुसत्या खुंटांच्या. बायको म्हणाली, "अरे, ही बाग आहे की जळणाची वखार?" फांद्या खुंटापर्यंत कापायची खरड छाटणी नुकतीच उरकली होती, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. त्यानंतर पाच-सहा खेपा झाल्या. आता दोघांच्या वाइन-सहलीसाठी आम्ही काय आधी ठरवतो आणि काय नंतर, ते त्याच क्रमाने सांगतो.

१. तारीख वेलीच्या पंचांगावरून काढा

नाशिकच्या द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. घड धरतात ते गोडी छाटणीनंतर. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी, यांच्यासारखे दिवस नाहीत.

त्या दिवसांत बाग दाखवणाऱ्याला विचारून शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकून बघा. आपण बाजारातून आणतो त्या थॉमसनशी त्याचं काही नातं वाटत नाही. मणी बारका, साल जाड, आत बिया, आणि गोडी अशी की दाढेला जाणवावी. साल बोटांत चुरडली की जांभळा डाग पडतो. लाल वाइनचा रंग असतो तो या सालीचा. आतला गर जवळपास बिनरंगाचाच. पुढच्या सगळ्या टेस्टिंगमध्ये कळणार नाही एवढं या एका मण्यात कळतं.

पावसाळ्यात घड नसतात, पण डोंगर हिरवे असतात आणि गंगापूर रस्त्यावर सोमेश्वरजवळ गोदावरीचा धबधबा भरात असतो. तुम्हाला वाइनपेक्षा पाऊस प्यारा असेल तर तेव्हा जा.

एक सापळा सांगून ठेवतो. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की सगळ्यांना हीच कल्पना सुचते. पण तो ड्राय डे! तसेच १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. निवडणुकांच्या तारखाही बघून घ्या. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत नाशिकमध्ये एकांत शोधणं म्हणजे दादर स्टेशनवर शांतता शोधणं.

२. गाडीचा प्रश्न खोलीआधी सोडवा

सगळ्यात जास्त रुसवेफुगवे इथेच होतात. दोघांपैकी एकाला गाडी चालवायची असेल, तर त्याने शनिवारभर दुसऱ्याचा ग्लास बघत बसायचं. यावर दोनच उपाय. एक तर शनिवारी दुपारपासून रात्रीपर्यंत टॅक्सी ठरवून टाका. गंगापूर धरणाच्या बाजूला रात्री परतीची रिक्षा मिळेलच असं नाही. किंवा वाइनरीतच मुक्काम करा. "मी दोनच घोट घेईन" हा तिसरा उपाय नव्हे.

मुंबईकरांनी खरं तर गाडी घरीच ठेवावी. शुक्रवारी संध्याकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली की रात्री नाशिकरोडला उतरता. आरक्षण मात्र आधीच करा. स्टेशन गावापासून आठ-नऊ किलोमीटर लांब आहे, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. गाडीनेच यायचं तर अंतर साधारण १७० किलोमीटर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो. पुण्याहून नारायणगाव-संगमनेरमार्गे सव्वादोनशेच्या आत.

३. मुक्काम: धरणाकडे की गावात?

आमचं मत धरणाकडे. सुला, सोमा, यॉर्क या सगळ्या वाइनऱ्या गंगापूर धरणाच्या आसपासच आहेत. पण शनिवारची खोली महिनाभर आधी घ्यावी लागते आणि शनिवारचा दर रविवारच्या दरापेक्षा बराच चढा असतो. सोमवारची रजा मिळत असेल तर रविवार-सोमवार करा. तीच बाग, तोच सूर्यास्त, माणसं निम्मी. थंडीत स्वेटर लागतोच. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली सहज जातो, आणि गच्चीवर बसायचा हट्ट दोघांचाही असतो.

४. शनिवार: एकच वाइनरी

एका दिवसात तीन वाइनऱ्या "करणारे" लोक भेटतात. संध्याकाळी त्यांना कुठली वाइन कुठली होती हे आठवत नाही. एकच निवडा. दुपारी चारच्या सुमाराची टेस्टिंग घ्या, म्हणजे ती संपेपर्यंत ऊन कललेलं असतं.

सकाळी मिसळ खायला हरकत नाही, नाशिकला येऊन मिसळ नाही खायची तर कधी? पण ती सकाळीच. टेस्टिंगच्या तासभर आधी झणझणीत रस्सा ओरपलात तर जीभ पुढे सगळ्याच वाइनला तिखट म्हणेल. टेस्टिंगला फसफसणारी, मग पांढरी, मग गुलाबी रोझे, मग लाल आणि शेवटी गोड, असा क्रम असतो. प्रत्येक घोट संपवलाच पाहिजे असं नाही. समोर भांडं ठेवलेलं असतं ते उरलेली ओतायलाच. आम्ही एक खेळ करतो. वास घेऊन दोघांनी आपापल्या कागदावर एकेक शब्द लिहायचा आणि मग दाखवायचा. माझ्या कागदावर "पेरू", तिच्या कागदावर "आजीचं कपाट". बरोबर कोण, हे अजून ठरलेलं नाही.

सुला १९९९ मध्ये सुरू झाली, म्हणजे वाइनचं नाशिक पंचवीस-तीस वर्षांचं. जुनं नाशिक दुसऱ्या दिवशी.

जाता-येता गंगापूर रस्त्यावर आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाई इथे राहिले, आणि गावाला नावही तिच्यावरून पडलं. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जिची सगळ्यांना आठवण, तिचं नाव नवऱ्याने गावाला द्यावं, यापेक्षा वेगळं प्रेमप्रकरण या रस्त्यावर तरी नाही.

५. रविवार सकाळ: गाव पायी

लवकर उठा. पांडवलेण्यांची चढण वीसेक मिनिटांची आहे, पण ऊन चढलं की जड जाते. २४ लेणी, आणि जुनी लेणी दोन हजार वर्षांची. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिने मुलाचे, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम असे मोजलेत की बघताना सासूबाईंचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. तो निघाला की खाली उतरा.

मग पंचवटी. काळाराम मंदिर काळ्या दगडाचं, पेशवाईतलं. इथेच २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दाराशी दोन मिनिटं थांबून आत जा. तिथून रामकुंड आणि नदी ओलांडून सराफ बाजार. तांबट गल्लीत अजूनही तांब्या-पितळेचा ठोका ऐकू येतो. चिवडा घ्यायचा तर तोही इथून. पक्ष्यांची आवड असलेल्यांनी मात्र गाव सोडून पहाटेच नांदूर मध्यमेश्वर गाठावं. ते निफाड तालुक्यात आहे. राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा, आणि हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरलेली. दोन्ही एका सकाळी होत नाही.

६. परतताना

पुणेकरांनी सिन्नरला गोंदेश्वरासाठी अर्धा-पाऊण तास ठेवावा. यादवकाळातलं मंदिर, मधे मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं. दुपारी तिथे फारसं कुणी नसतं. ओट्यावर टेकायला सावली मिळते, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणी फोटो काढायला सांगत नाही.

बाटल्या घेतल्या असतील तर त्या डिकीत ठेवू नका. त्या एप्रिलच्या सहलीत आम्ही ठेवल्या होत्या, आणि गोंदेश्वर पाहून येईपर्यंत गाडीची भट्टी झाली होती. घरी बाटली उघडली तर बूच अर्धं वर आलेलं आणि चव उकळलेल्या मनुकांची. तेव्हापासून बाटल्या टॉवेलात गुंडाळून पुढच्या सीटखाली, बायकोच्या पायाशी असतात, आणि उतरताना आमच्याबरोबर देवळापर्यंत येतात.