लिनक्स नवीन एसएसडीवर हलवताय? या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची आणि उबंटू किंवा मिंट परत इन्स्टॉल न करता आहे तसं तिकडे न्यायचं, हे आरामात होण्यासारखं काम आहे. पण बरेच जण सगळं सिलेक्ट करून कॉपी पेस्ट मारतात किंवा टर्मिनलवर साधी सीपी कमांड चालवतात, फाइल्स सगळ्या दिसतात, आणि मशीन मात्र चालू होत नाही.

साध्या कॉपीत फाइलमधला डेटा जातो पण फाइलचा मालक आणि परमिशन जशीच्या तशी जात नाही. रूट (सगळे अधिकार असलेला अ‍ॅडमिन यूजर) होऊन नुसती रिकर्सिव्ह (आतल्या फोल्डरसकट) सीपी केली तर नवीन डिस्कवर सगळ्याचा मालक रूट होतो, सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) उडतो, मग सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) चालत नाही आणि होम फोल्डर तुमचं न राहिल्यामुळे पासवर्ड बरोबर टाकूनही लॉगिन स्क्रीन परत परत येते. त्यामुळे आरसिंक (मालक आणि परमिशनसकट कॉपी करू शकणारी कमांड) वापरा, आणि त्यातही नुसता छोटा ए ऑप्शन पुरत नाही: हार्डलिंकसाठी (एकाच फाइलची अनेक नावं) कॅपिटल एच, एसीएलसाठी (जास्तीच्या परमिशन) कॅपिटल ए, एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटसाठी (फाइलला जोडलेली जादा माहिती) कॅपिटल एक्स हे वेगळे द्यावे लागतात. सोर्सच्या शेवटचा स्लॅश विसरलात तर सगळं एका फोल्डरच्या आत जाऊन बसतं, तो आधी बघा. आणि नवीन पार्टिशन एक्स्ट४ (लिनक्सचा नेहमीचा डिस्क फॉरमॅट) करा, एक्सफॅटवर या परमिशन राहतच नाहीत.

दुसरी मोठी चूक म्हणजे चालू सिस्टीमचीच कॉपी. प्रॉक, सिस, डेव्ह, रन या फोल्डरमधलं बहुतेक सगळं डिस्कवर नसतंच, ते कर्नल (लिनक्सचा गाभा) दाखवतो किंवा रॅममध्ये असतं. प्रॉकमधली केकोर फाइल तर ६४ बिट मशीनवर १२८ टीबीची दिसते! शिवाय मायएसक्यूएल चालू असेल तर डेटाबेस अर्धा जुना अर्धा नवा असा जाऊ शकतो. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स) बूट करा आणि दोन्ही डिस्क माउंट करून (फोल्डरला जोडून) कॉपी करा, म्हणजे ही कटकटच नको. होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही माउंट करायला विसरू नका.

आता यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा ओळख क्रमांक. नवीन पार्टिशन फॉरमॅट केलं की त्याला नवा यूयूआयडी मिळतो, पण कॉपी झालेल्या एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी असलेली फाइल) जुनाच लिहिलेला असतो. बीएलकेआयडी कमांड चालवून नवीन आकडा घ्या, एफएसटॅबमध्ये टाका, मग सीएचरूट करून (नवीन डिस्कवरच्या सिस्टीममध्ये शिरून) ग्रब (लिनक्स सुरू करणारा बूटलोडर) परत इन्स्टॉल करा आणि अपडेट-ग्रबही चालवा. मशीन यूईएफआयवालं (जुन्या बायोसऐवजी आलेली बूट पद्धत) असेल तर नवीन डिस्कवर फॅट३२ ची ईएफआय पार्टिशन पाहिजे आणि ग्रब टाकताना ती माउंट केलेली पाहिजे.

तरी अडकलं तर स्क्रीन काय म्हणते ते नीट वाचा. ग्रब रेस्क्यू आलं तर ग्रबला त्याच्या फाइल्स सापडत नाहीयेत. इनिटरॅमएफएसचा (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टीम) प्रॉम्प्ट आला तर बहुतेक वेळा रूट पार्टिशनचा (जिथे मुख्य सिस्टीम आहे) यूयूआयडी चुकलाय. दीड मिनिट थांबून मग पुढे जात असेल तर जुना स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) एफएसटॅबमध्ये राहिलाय का बघा.

डीडीने (डिस्क जशीच्या तशी कॉपी करणारी कमांड) अख्खी डिस्क उचलणाऱ्यांनो, प्लीज आधी एलएसबीएलके (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून साइज आणि मॉडेल बघा, एसडीए एसडीबी ही डिस्कची नावं रीबूटनंतर बदलू शकतात आणि उलटी कमांड गेली तर तुमचा डेटा पुसला जातो, डीडी काही विचारत बसत नाही. डीडीने यूयूआयडीही तोच जातो म्हणून पहिलं बूट जुनी डिस्क काढूनच करा. आणि जुनी डिस्क आवाज करत असेल, रीड एरर देत असेल तर ती कॉपी करायला आरसिंक किंवा डीडी लावूच नका, डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढणारं टूल) मॅप फाइलसकट (कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद) चालवा, ते आधी चांगला भाग वाचून घेतं, खराब सेक्टरवर नंतर येतं आणि मध्ये बंद पडलं तरी तिथूनच पुढे चालू करता येतं.