लोकेशन आणि मेलच्या सेटिंग्ज नीट लावून फोनची बॅटरी कशी टिकवावी

‘बॅटरी उतरते? मग लोकेशन बंद करून टाका.’ नाशिकमध्ये हा सल्ला मोबाईलच्या दुकानात मिळतो, ऑफिसात मिळतो आणि घरीही मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे आणि पुष्कळदा त्रासदायक ठरतो. लोकेशन सरसकट बंद ठेवलेला फोन सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या गर्दीत हरवला, तर तो आत्ता कुठे आहे हे नकाशावर शोधणं फार अवघड होतं. बुक केलेली रिक्षा गंगापूर रोडच्या भलत्याच गल्लीत जाऊन उभी राहते. आणि एवढं करूनही दुपारी बॅटरी लाल होते ती होतेच.

लोकेशनचं बटण चालू असल्यानं फारशी बॅटरी जात नाही. कुठलं तरी ॲप दिवसभर, तुमच्या नकळत, ‘मी कुठे आहे’ असं विचारत राहतं, त्यात ती जाते. मेलचंही असंच आहे. मेल वाचण्यात बॅटरी थोडीच जाते, ‘नवीन काही आलं का’ हे बघायला फोन वारंवार जागा होतो त्यात जास्त जाते. म्हणून आपलं काम एवढंच: कोणाला विचारायची परवानगी द्यायची आणि किती वेळा, हे ठरवणं. अर्ध्या तासात होतं.

आधी बॅटरी कुठे जाते ते बघा

सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ आणि त्यात ‘बॅटरी युसेज’ उघडा. हे संध्याकाळी करा. सकाळी चार्जर काढल्या काढल्या बघितलं तर त्या यादीवरून काही कळत नाही. आयफोनवर याच ठिकाणी गेल्या काही दिवसांची यादी असते. तिथे प्रत्येक ॲप स्क्रीनवर किती वेळ होतं आणि बॅकग्राउंडला किती वेळ चाललं, हेही दिसतं.

तुम्ही दिवसभरात उघडलंही नाही, तरी बॅकग्राउंडला तासन् तास चाललेलं ॲप शोधा. हवामानाचं, खरेदीचं, जेवण मागवण्याचं, चालण्याची पावलं मोजणारं असं एखादं सापडतंच. ते नाव लक्षात ठेवा.

यादीत सगळ्यात वर स्क्रीनच असेल, तर मात्र आधी स्क्रीनचा बंदोबस्त करा. एप्रिल-मेच्या उन्हात दुचाकीवर नकाशा लावून निघालं की स्क्रीन पूर्ण प्रकाशावर जाते, आणि त्यापुढे लोकेशनचा खर्च किरकोळ असतो. रस्ता सरळ असेल तेव्हा स्क्रीन बंद करून आवाजी सूचना ऐकत गेलात, तर मोठी बचत होते. दुचाकीवर सुरक्षितही तेच.

फोनला जागा कशी कळते

हे थोडं समजून घेतलं की पुढची बटणं आपोआप कळतात.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. फोन त्यांना काहीही पाठवत नाही, फक्त त्यांचा संदेश ऐकतो. पण इतक्या लांबून येणारा संदेश फार क्षीण असतो, आणि उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथ गतीनं पाठवतो. एका उपग्रहाची कामापुरती माहिती पूर्ण ऐकायला सुमारे अर्धा मिनिट जातं. म्हणून बहुतेक फोन ही माहिती नेटवरून आधीच मागवून घेतात आणि जागा चटकन सापडते. आपल्या इस्रोच्या ‘नाविक’ या जीपीएससारख्याच प्रणालीचे संदेशही आता अनेक फोन ऐकतात.

मोकळ्या मैदानात हे काम सोपं असतं. सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडखाली किंवा इमारतीच्या तळघरात संदेश पोचत नाही आणि फोन शोधतच राहतो. अशा वेळी एखादं ॲप अचूक जागा मागत बसलं, तर सगळ्यात जास्त बॅटरी तिथे जाते.

दुसरी वाट स्वस्त आहे. आसपासचे वायफाय आणि मोबाईलचे टॉवर बघून फोन अंदाजे जागा ठरवतो. पंचवटीत आहात की नाशिकरोडला, एवढं सांगायला ती पुरते. हवामानाच्या ॲपला याहून जास्त काही लागत नाही.

लोकेशनच्या परवानग्या लावणं

अँड्रॉइडवर ‘सेटिंग्ज’, ‘लोकेशन’, ‘ॲप लोकेशन परमिशन्स’ असं जा. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘लोकेशन’ लिहा. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘लोकेशन सर्व्हिसेस’ आहे.

अँड्रॉइडवर तुमची सगळी ॲप्स परवानगीप्रमाणे गटांत लावलेली दिसतील, आयफोनवर प्रत्येक ॲपच्या नावापुढे त्याची परवानगी लिहिलेली असते. पहिला गट ‘कायम परवानगी’वाल्यांचा. हाच सगळ्यात महत्त्वाचा. यातल्या प्रत्येक नावावर थांबून स्वतःला विचारा: मी हे ॲप उघडलेलं नसताना याला माझा ठावठिकाणा कशाला हवा? हरवलेला फोन शोधण्याची सोय आणि घरच्यांसोबत ठावठिकाणा वाटून घेण्याची सोय तुम्ही वापरत असाल, तर त्यांना हवा. बाकी जवळजवळ कोणालाच नको. त्या सगळ्यांना ‘ॲप वापरत असतानाच’ या पर्यायावर आणा. हा पर्याय अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून मिळतो. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला आणि नकाशाला एवढं भरपूर होतं.

दुसरं बटण ‘प्रिसाइज लोकेशन’, म्हणजे अचूक जागेचं. आयफोनवर ते २०२० साली आयओएस १४ मध्ये आलं, अँड्रॉइडवर २०२१ साली आवृत्ती १२ मध्ये. हवामान, बातम्या, खरेदी यांच्यासाठी ते बंद करा. नकाशा आणि रिक्षाच्या ॲपसाठी चालूच ठेवा, नाहीतर चालकाला तुमची गल्ली सापडणार नाही. टॉर्च, कॅल्क्युलेटर, वॉलपेपर असल्या ॲपनं लोकेशन मागितलं असेल, तर परवानगी काढून घ्या. ॲपही काढून टाकलं तर उत्तम.

आता एक कोपऱ्यातली जागा. अँड्रॉइडमध्ये लोकेशनच्याच पानावर ‘लोकेशन सर्व्हिसेस’ असतं आणि त्यात ‘वायफाय स्कॅनिंग’ आणि ‘ब्लूटूथ स्कॅनिंग’. वायफायचं बटण बंद असलं, तरी स्कॅनिंग चालू असेल तर फोन अधूनमधून आसपासचे वायफाय धुंडाळत राहतो. ही दोन्ही बंद करून बघा. घरात किंवा मॉलमध्ये नकाशावरची जागा थोडी सरकलेली दिसेल, तेवढंच. ती अडचण वाटली तर वायफायचं स्कॅनिंग परत चालू करा.

व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास वाटता येतं. सप्तशृंगी गडावर पायी निघालेल्यांची घरच्यांना काळजी असते, म्हणून नाशिक सोडतानाच ८ तासांचं लाइव्ह लोकेशन लावलं जातं आणि वणी यायच्या आत फोन बंद पडतो. मग घरच्यांची काळजी आणखी वाढते. त्यापेक्षा प्रत्येक मुक्कामावर ‘करंट लोकेशन’ एकदा पाठवा. घरच्यांना समाधान मिळतं आणि रात्री फोन लावण्याइतकी बॅटरीही उरते.

आता मेल

मेल फोनवर दोन पद्धतींनी येतं. पहिली पुश: मेल आलं की सर्व्हरच फोनला कळवतो. दुसरी फेच: फोन ठरावीक वेळानं स्वतः जाऊन विचारतो. पुशमध्ये फोन सतत जोडलेला असतो म्हणून ती महागडी, असा समज आहे. पण अँड्रॉइडवर जीमेलसारखी ॲप्स गुगलची एकच सामाईक जोडणी वापरतात आणि ती व्हॉट्सॲपसाठी तशीही उघडी असते. त्यामुळे दिवसाला मोजकी मेल येणाऱ्याला पुश स्वस्त पडतं. ज्याच्या खात्यावर दिवसभर मेलचा पाऊस असतो, त्याचा फोन मात्र प्रत्येक मेलला जागा होतो. त्यानं तासाला एकदा फेच लावावं.

फेचमध्ये खरा प्रश्न किती वेळानं हा आहे. दर १५ मिनिटांनी म्हणजे दिवसाला ९६ वेळा, तासाला एकदा म्हणजे २४ वेळा. एकही नवं मेल नसलं तरी या फेऱ्या होतातच. शिवाय मोबाईल डेटावर माहितीची देवाणघेवाण संपली, तरी फोनचा रेडिओ, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून काही सेकंद जागाच राहतो. एकेका भाकरीसाठी तवा पुन्हा पुन्हा तापवावा, तसा हा खर्च आहे. सगळं एकाच वेळी आणलं तर कमी लागतो.

आयफोनवर ‘मेल’च्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘फेच न्यू डेटा’ उघडा. वैयक्तिक जीमेल खात्याला ॲपलच्या मेल ॲपमध्ये पुश मिळत नाही, ते फेचनंच चालतं. तिथे ‘अवरली’ निवडा. जे खातं फक्त बिलं आणि जाहिरातींसाठी आहे, त्याला ‘मॅन्युअल’ लावा, म्हणजे तुम्ही उघडाल तेव्हाच मेल येईल. ‘ऑटोमॅटिकली’ हा पर्यायही चांगला आहे: फोन चार्जिंगला आणि वायफायवर असेल, तेव्हाच तो मागच्या मागे मेल आणतो.

अँड्रॉइडवर जीमेल उघडा, डावीकडच्या तीन रेघांमधून सेटिंग्जमध्ये जा आणि एकेक खातं निवडा. न वापरलेल्या खात्याचं ‘सिंक जीमेल’ बंद करा. ‘डेज ऑफ मेल टू सिंक’ कमी करा, ७ दिवस पुष्कळ झाले. जुनं मेल शोधलं की नेटवरून येतंच. नोटिफिकेशन ‘हाय प्रायॉरिटी ओन्ली’वर ठेवा, म्हणजे प्रत्येक जाहिरातीला स्क्रीन उजळणार नाही.

एकच खातं दोन ॲपमध्ये जोडलेलं आहे का, तेही बघा. फोनसोबत आलेलं कंपनीचं मेल ॲप आणि जीमेल, दोन्हींत ऑफिसचं तेच खातं असतं आणि प्रत्येक मेल दोनदा उतरतं. एकातून काढून टाका. पासवर्ड बदललेलं, विसरलेलं जुनं खातं असेल तर तेही काढा. लॉगिन होत नसलं, तरी काही ॲप्स पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात.

आणि आउटबॉक्स, म्हणजे पाठवलेलं पण अजून न गेलेलं मेल जिथे थांबतं ती जागा. दिंडोरीला आमच्या मामांची द्राक्षबाग आहे. हंगामात त्यांचा फोन खिशात पडल्या पडल्या गरम व्हायला लागला. बॅटरी खराब झाली म्हणून ते नवा फोन घ्यायला निघाले होते.

‘मामा, आउटबॉक्स उघडून बघितलं का?’

‘ते कुठं असतं रे? तूच बघ.’

त्यात एक मेल अडकलं होतं. घडांचे डझनभर फोटो आणि वर बागेचा व्हिडिओ, व्यापाऱ्याला पाठवलेला. सर्व्हर घेईल त्यापेक्षा ते मोठं होतं, त्यात बागेत रेंज अर्धी. फोन पाठवायचा, मध्येच तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू. ते मेल पुसलं, व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि फोन संध्याकाळपर्यंत टिकायला लागला. फोन विनाकारण गरम लागला की सगळ्यात आधी आउटबॉक्स बघा.

रेंज नसेल तिथे

टॉवर लांब असला की फोन जास्त ताकद लावून बोलतो, आणि रेंज गेली की टॉवर शोधत राहतो. पंचवटी एक्स्प्रेसनं कसारा घाट उतरताना, बोगद्यांमागून बोगदे येतात तेव्हा हेच होतं. रेंज येते-जाते, फेच अर्धवट राहतं, पुन्हा होतं. घाटापुरता फोन विमान मोडवर टाकलात तर काही बिघडत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणाऱ्यांनी तर हे करावंच. तिथे डोंगरही असतो आणि नेटवर्कला न पेलणारी गर्दीही. घरून निघतानाच नकाशाच्या ॲपमध्ये त्र्यंबकेश्वरचा परिसर ‘ऑफलाइन मॅप’ म्हणून उतरवून घ्या. जीपीएस फक्त ऐकतं, पाठवत काही नाही, त्यामुळे बहुतेक फोनमध्ये विमान मोडवरही ते चालतं आणि उतरवलेल्या नकाशावर तुमचा ठिपका दिसतो. थांबलात की विमान मोड काढा, घरी कळवा, पुन्हा लावा. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर जाताना हीच तयारी उपयोगी पडेल. बरोबरची माणसं चुकली तर कुठे भेटायचं ती जागा मात्र आधीच तोंडी ठरवून ठेवा.

दोन सिमचा फोन असेल आणि गावी त्यातल्या एकाला कधीच रेंज नसेल, तर तेवढं सिम सेटिंग्जमधून बंद ठेवा.

बदल केल्यावर

दोन दिवस नेहमीसारखा फोन वापरा आणि बॅटरीची तीच यादी पुन्हा उघडा. सुरुवातीला लक्षात ठेवलेलं नाव खाली गेलेलं दिसलं पाहिजे. ते अजून वरच असेल, तर अँड्रॉइडवर त्या ॲपच्या माहितीच्या पानावर ‘बॅटरी’मध्ये ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. हे मेल, बँक किंवा मेसेजच्या ॲपला करू नका, कामाच्या सूचना उशिरा येतील. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला अशी ॲप्स स्वतःच झोपवून टाकतात. ऑफिसचं मेल तासाभरानं दिसत असेल, तर त्या ॲपला तिथेच ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करून घ्या.

गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात फोन ठेवून, नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू, असा मुंबई-आग्रा महामार्गावरचा प्रवास टाळा. लिथियम बॅटरी उष्णतेनं कायमची कमजोर होते. ॲपलनं आयफोनसाठी वापराची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगितली आहे, आणि आपल्याकडचं मेमधलं हवामानच त्याच्या वर असतं. फोन एसीच्या झोताजवळ लावा.

हे सगळं करूनही फोन अर्ध्या दिवसात संपत असेल, तर आयफोनवर ‘बॅटरी हेल्थ’मधली ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ बघा. काही अँड्रॉइड फोनमध्येही बॅटरीच्या पानावर अशी नोंद असते. आकडा ८० टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर सेटिंग्जमध्ये आणखी वेळ घालवू नका. अधिकृत सेवा केंद्रात जाऊन बॅटरी बदलून घ्या, फोन नवीन घ्यायची गरज नाही.