‘म्युच्युअल’ बघून विश्वास ठेवू नका : सांगलीत बसून खेळाच्या क्षेत्रात ओळखी करताना

लिंक्डइनवर, म्हणजे कामधंद्याच्या ओळखींच्या साइटवर, खातं काढा, फोटो नीट लावा, हे सांगायला मी बसलेलो नाही. ते तुम्ही केलेलं असणार. मी कबड्डीचा व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, म्हणजे सामन्यांचे व्हिडिओ बघून चढाया-पकडींची नोंद काढणारा, राहतो सांगलीत, काम मिळतं सीझनपुरतं. सीझन संपला की करार संपतो आणि फोनाफोनी परत सुरू. त्यामुळं जे लिहितोय ते पोहोचलेल्या माणसाचं नाही, अजून धडपडणाऱ्याचं आहे असं समजून वाचा.

आधी माणसं कुठं सापडतात ते बघा. आपल्या भागातले कबड्डी, खो-खो, कुस्तीचे प्रशिक्षक लिंक्डइनवर असले तरी महिनोन्महिने ते उघडत नाहीत. त्यांचा सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर. लिंक्डइनवर भेटतात ती संघाची ऑपरेशन्स बघणारी, स्पॉन्सरशिपवाली, फिजिओ, ट्रेनर मंडळी. माझ्या अनुभवात अ‍ॅनालिस्टला पैसे आहेत की नाहीत हे ऑपरेशन्सवाला सांगतो आणि कोणाला घ्यायचं हे मुख्य प्रशिक्षक. म्हणजे दोन्ही ठिकाणी तुमचं नाव माहीत हवं.

लिंक्डइनवर एक गोष्ट फार कमी पोरं करतात. शिवाजी विद्यापीठाचं पान उघडा, माजी विद्यार्थ्यांच्या विभागात जा आणि शोधात ‘स्पोर्ट्स’ टाका. 1962 पासूनचं विद्यापीठ आहे, सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्यात येतात. पुण्या-मुंबईत, बंगळुरूत खेळाच्या कंपन्यांत बसलेली आपली माणसं तिथं दिसतात. ‘मी पलूसचा’ किंवा ‘मी कोरेगावची’ एवढं लिहिलं तरी उत्तर यायची शक्यता वाढते.

शिवाय आपल्याकडं आहे काय, असं म्हणून लांब बघायची सवय सोडा. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात रौप्य घेतलं. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीनं 2024 मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकला गोळाफेकीत रौप्य. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीतच झाली. अशा खेळाडूंमागं, स्पर्धांमागं राबणारे हात असतात ना? पोरं थेट आयपीएल संघाच्या सीईओला मेसेज टाकतात आणि आपल्याच जिल्ह्यातल्या अकादमीत फिजिओ कोण आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

आता मेसेज. ‘सर, मला खेळाची खूप आवड आहे, प्लीज गाइड करा’ असा मेसेज मलासुद्धा येतो, आणि मी तर कोणीच नाही. त्याला उत्तर काय देणार? त्यापेक्षा हा बघा, एका प्रशिक्षकांना पाठवलेला: ‘सर, काल तुमच्या डाव्या कोपऱ्याच्या पकडी बहुतेक डू-ऑर-डाय चढाईवर आल्या. एरवी तो लवकर झेपावतो आणि टच पॉइंट जातो. क्लिप वेगळ्या केल्यात. हव्या असतील तर पाठवतो.’ (डावा कोपरा म्हणजे बचावात त्या जागेवर उभा राहणारा खेळाडू, डू-ऑर-डाय म्हणजे गुण घ्यावाच लागतो नाहीतर चढाई करणारा बाद अशी चढाई, आणि टच पॉइंट म्हणजे चढाई करणाऱ्याला मिळणारा स्पर्शाचा गुण.) आवड, ध्येय, स्वप्न यातलं काही नाही. काम आहे. उत्तर आलं ते एका शब्दाचं: ‘पाठव.’ लिंक्डइनच्या मोफत खात्यात रिक्वेस्टसोबतच्या मजकुराला 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, तेव्हा आटोपशीर लिहा.

महागडं सॉफ्टवेअर नसलं तर अडत नाही. व्हिडिओ सावकाश करून तपासायचं किनोव्हिया फुकट मिळतं, चढायांची नोंद एक्सेलात होते. फक्त टीव्हीवरच्या सामन्याच्या क्लिप पोस्टात टाकू नका, हक्क दुसऱ्याचे असतात. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची परवानगी घेऊन स्वतः शूट करा. आणि कुठल्याही खेळाडूची कच्ची बाजू जाहीर मांडू नका. ती त्याच्या प्रशिक्षकाला एकट्याला सांगायची.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

मला एकाची रिक्वेस्ट आली. पद काय, तर एका नव्या लीगच्या संघाचा ‘ऑपरेशन्स हेड’. म्युच्युअल, म्हणजे त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही यादीत असलेली माणसं, बघितले तर सगळे आपलेच: एक पंच, मिरजेचा एक फिजिओ, पुण्यातल्या शिबिरात माझ्याबरोबर असलेले दोघं. व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. प्रश्न बरे होते, कबड्डी कळत होती त्याला. लोगोसकट करारपत्र आलं. मग निघालं ‘किट आणि प्रवासाचं परत मिळणारं डिपॉझिट’, आजच भरायचं, कारण शिबिर सोमवारी. यूपीआयवरून भरलं. सोमवारी नंबर बंद, प्रोफाइल गायब.

नंतर त्या चौघांना फोन केले. एकही त्याला ओळखत नव्हता. फिजिओनं पंचाचं नाव बघून रिक्वेस्ट घेतली होती, बाकीच्या दोघांनी फिजिओचं बघून, आणि मी चौघांचं बघून. त्याला आमच्यापैकी कुणाची खरी ओळख लागलीच नाही. आम्हीच एकमेकांच्या नावावर त्याला उधार दिली.

हे आपल्याच क्षेत्रात इतकं सहज का चालतं, ते नीट समजून घ्या. इथं नव्या लीग निघतात आणि गुपचूप बंदही पडतात, म्हणून अनोळखी नावाचा संशय येत नाही. भरती जाहिरात देऊन होत नाही, फोनवर होते, म्हणून अचानक आलेला फोन खरा वाटतो. शिबिराआधी खरोखरच घाई असते, म्हणून ‘आजच भरा’ हेही खपून जातं. आणि करार संपलेला माणूस हो म्हणायला टपलेलाच असतो. मी होतो.

म्हणून म्युच्युअलला मेसेज नव्हे, फोन करा. ‘ह्याला ओळखतोस का?’ असं विचारूच नका. त्यावर आपल्याकडं कुणीही ‘हो, आहेत की आपल्यात’ म्हणतो. ‘ह्याच्याबरोबर काम केलंयस का? कुठल्या स्पर्धेत?’ असं विचारा. मग लगेच कळतं. प्रोफाइलवरच्या ‘अबाउट धिस प्रोफाइल’मध्ये खातं कधी काढलं ते दिसतं. पंधरा वर्षं खेळात असल्याचं सांगणाऱ्याचं खातं गेल्या महिन्यातलं असेल तर थांबा. नावाशेजारी पडताळणीची खूण असली तरी ती नुसत्या ओळखपत्राची असू शकते, म्हणजे नाव खरं, नोकरीची खात्री नाही. ईमेल संघाच्या डोमेनवरून आलाय का, स्पेलिंगसकट तपासा. पत्रावरच्या नंबरवर फोन करून खात्री करू नका, तो त्याचाच असतो. संघाच्या वेबसाइटवरून नंबर काढा.

आणि पैसे मागितले की विषय संपला. किटचे, विम्याचे, रजिस्ट्रेशनचे, कसलेही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले गेले तर मिळायची आशा असते. मी दोन दिवस घरच्यांपासून लपवत बसलो, तेवढ्यात ते पुढं गेले होते.

एवढं वाचून कुणी खातं बंद करू नका. मला खरं काम ऑनलाइन ओळखीतूनच मिळालं. चढायांच्या नोंदीचा माझा एक तक्ता एका पंचानं त्यांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो एका प्रशिक्षकापर्यंत गेला. बघणारी माणसं असतात, लाईक न देता बघतात. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, सीझन चालू असताना प्रशिक्षकाला जेवायला वेळ नसतो. सीझन संपल्यावर पंधरा-वीस दिवसांनी लिहा.

पैसे घेऊन तासभर ‘करिअर क्लॅरिटी’ देणाऱ्या मेंटॉरबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलायची माझी इच्छा नाही. तुमच्या शाळेचे पीटीचे सर, जे अजून चुन्यानं मैदान आखतात, ते जिल्ह्यातल्या निम्म्या पंचांना नावानं हाक मारतात. चहा पाजा त्यांना. पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कोर्स केलेला माझा एक मित्र म्हणतो, सर्टिफिकेट कपाटात आहे, बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रोज कामाला येतो.

जाता जाता : सांगली-साताऱ्यातल्या मॅटवरच्या कुठल्याही कबड्डी स्पर्धेचं, मंडळाला विचारून केलेलं पूर्ण सामन्याचं शूटिंग कुणाकडं असेल तर मला हवंय. चढाया-पकडी टॅग करून फाइल परत देतो, त्यावर दोघांचीही नावं टाकू. नुसतं ‘हाय सर’ आलं तर मात्र निळ्या टिकांवर समाधान माना.