लॉन मॉवरचे इंजिन बदलण्यापूर्वी : तपासणीची आणि बदलाची तयारी

लॉन मॉवरचे इंजिन मध्येच बंद पडू लागले, धूर ओकू लागले किंवा दोरी ओढून ओढून हात भरून आले तरी सुरू होईना, की ‘इंजिन गेले’ असे म्हणून नव्याची चौकशी सुरू होते. पुढील यादीत नवे इंजिन मुद्दामच शेवटी ठेवले आहे, कारण बदलून टाकलेल्या इंजिनांपैकी अनेकांचा दोष प्रत्यक्षात पेट्रोल, ठिणगी किंवा पाते यांपैकी एखाद्या ठिकाणी असतो. ही यादी मागे चालत वापरायच्या यंत्रावरील, उभा शाफ्ट आणि एकच सिलिंडर असलेल्या चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनापुरती आहे.

कशालाही हात लावण्यापूर्वी प्लगची वायर काढावी आणि ती पुन्हा प्लगला टेकणार नाही अशी बाजूला बांधून ठेवावी. पाते हाताने फिरवले तरी क्रँकशाफ्ट, म्हणजे पाते ज्यावर बसते तो इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवेचे थोडे जरी मिश्रण उरले असेल तर ठिणगी पडून इंजिन एखादा फेरा मारू शकते. बोटे गमावायला तेवढा एक फेरा पुरतो. त्यानंतर टाकीतील पेट्रोल काढून घ्यावे आणि यंत्र कलते करायचेच असेल तर कार्ब्युरेटर व एअर फिल्टरची बाजू वर राहील असे करावे. उलट्या बाजूला कलंडवले तर ऑइल एअर फिल्टरमध्ये व सिलिंडरमध्ये उतरते, पुढच्या वेळी इंजिन सुरू होताच निळसर-पांढरा धूर निघतो आणि पिस्टनच्या धडधाकट रिंगा गेल्या असे वाटू लागते. हाताशी प्लगचा पाना, सॉकेट पाने, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्क पाना (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणारा), व्हर्नियर, पाते अडवायला लाकडी ठोकळा, जाड हातमोजे आणि कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा असावा. इंजिन सुरू करून पाहायचे असेल तेव्हा यंत्र उघड्यावर न्यावे, कारण बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

तपासणीची सुरुवात इंधनापासून करावी. पेट्रोल महिन्याभरात शिळे होऊ लागते, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक छिद्रात, बसतो, आणि पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर ते हवेतला ओलावाही ओढून घेते. बहुतेक लहान इंजिनांचे निर्माते दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल चालत नाही असे स्पष्ट सांगतात. कार्ब्युरेटरखालच्या, फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल पारदर्शक भांड्यात ओतून पाहावे, पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. एक सोपी परीक्षा पुष्कळ गोष्टी एका झटक्यात सांगून जाते : फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारावा, फिल्टर परत बसवावा, प्लगची वायर जोडावी आणि दोरी ओढावी. इंजिन दोन-चार सेकंद चालून थांबले, तर ठिणगी आहे, सुरू होण्यापुरता दाब आहे आणि खोट केवळ इंधनाच्या वाटेत आहे. चालू इंजिनाचा वेग आपोआप कमी-जास्त होत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे, म्हणजे बारीक जेट तुंबला आहे किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे असे समजावे. काळा धूर येत असेल तर फिल्टर कोंदला आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही. जेट साफ करताना सुई किंवा ड्रिल वापरू नये, भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते.

दहा-पंधरा मिनिटे व्यवस्थित चालून मग बंद पडणारे इंजिन सर्वांत जास्त चकवते. येथे संशयित दोन असतात. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजले असेल तर आत निर्वात होऊन पेट्रोल उतरायचे थांबते. ठिणगीसाठी वीज तयार करणारी कॉइल खराब असेल तर ती तापल्यावर ठिणगी देणे बंद करते आणि थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. त्यामुळे ठिणगी तपासण्याचा टेस्टर आधीच तयार ठेवावा, आणि इंजिन बंद पडल्याबरोबर, ते थंड होण्याची वाट न पाहता, प्रथम ठिणगी पाहावी व मग झाकण सैल करून दोरी ओढावी. ठिणगीच नसेल तर कॉइल विकत आणण्याआधी तिला जोडलेली, इंजिन बंद करणारी बारीक वायर काढून पुन्हा पाहावे, कारण ही वायर कुठे घासून बॉडीला टेकली असली तरी परिणाम तोच होतो. प्लगची फट अनेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिमी असते, तर कॉइल आणि फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या वरच्या टोकावरचे चाक) यांच्यातली फट साधारण ०.२५ ते ०.३५ मिमी, नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा.

पाते एखाद्या दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर आदळल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर वरचे सारे बाजूला ठेवून आधी फ्लायव्हीलची चावी पाहावी. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्यातला हा छोटा तुकडा अनेक इंजिनांत मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो. धक्का बसला की तो चिरडतो किंवा अर्धवट सरकतो, फ्लायव्हीलवरचे चुंबक आपल्या जागेपासून हलते, ठिणगी चुकीच्या क्षणी पडते आणि दोरी हातातून उलट हिसका देते. सरकलेली चावी वरून कळत नाही. नट काढून फ्लायव्हील पुलरने उचलावे लागते आणि खाच समोरासमोर आहे का ते डोळ्यांनी पाहावे लागते. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारून फ्लायव्हील सोडवण्याची सवय अनेकांना असते, तिने बेअरिंग आणि आटे दोन्ही जातात. मात्र फ्लायव्हील काढण्यापूर्वी पात्याचा बोल्ट घट्ट आहे याची खात्री करावी. हलके फ्लायव्हील असलेल्या इंजिनांत पात्याचे वजनही फ्लायव्हीलचेच काम करते, म्हणून पाते सैल असले तरी दोरी हुबेहूब तसाच हिसका देते. पाते काढून ठेवून इंजिन ‘नुसते’ सुरू करू पाहणाऱ्यालाही हाच अनुभव येतो.

एवढे झाल्यावरच इंजिनाच्या पोटाकडे वळावे. प्लगची वायर काढलेली असताना हँडल सोडताच इंजिन व पाते थांबवणारा ब्रेक सुटावा म्हणून हँडलची दांडी दाबून बांधून ठेवावी (इंजिन जॅम झाले म्हणून आलेल्या तक्रारीत कधी कधी हा ब्रेकच चिकटलेला निघतो) आणि फ्लायव्हील नेहमीच्या उलट दिशेने झटक्याने फिरवावे. ते जोरात मागे उसळले तर दाब ठीक आहे. मऊपणे फिरत राहिले तर व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट किंवा रिंगा यांपैकी काहीतरी गळते आहे. दाब मोजणाऱ्या गेजवरच्या आकड्यावर येथे फार विसंबू नये, कारण दोरी सहज ओढता यावी म्हणून अनेक इंजिने सुरू होताना दाब थोडा सोडून देतात आणि आकडा मुळातच कमी दिसतो. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते हे ऐकण्याची चाचणी अधिक खरी. हवा एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या भोकातून आली तर रिंगा. व्हॉल्व्हची फट बिघडल्यानेही दाब जातो, आणि ती बसवणे हे इंजिन बदलण्याच्या मानाने किरकोळ काम आहे. उदाहरणार्थ, होंडाच्या जीसीव्ही १६० मध्ये थंड इंजिनावर ती इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिमी ठेवतात.

माझ्या मते इंजिन बदलण्याची सबळ कारणे तीनच : कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसला भोक पडणे, सिलिंडरवर नखाला लागतील असे ओरखडे उठणे, आणि क्रँकशाफ्ट वाकणे. शाफ्ट वाकला आहे का हे पाहण्यासाठी प्लग व पाते काढून दोरी हळू ओढावी आणि शाफ्टचे टोक शेजारी धरलेल्या स्थिर खुणेशी ताडून पाहावे. ते डगमगत असेल तर ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण सरळ केलेला शाफ्ट पुढे तुटून पाते सुटू शकते. निर्णय घेण्याआधी डेकचा, म्हणजे पात्यावरच्या आच्छादनाचा, पत्राही उलटून पाहावा. इंजिनाच्या बोल्टांभोवती गंजून तडे गेले असतील, तर नव्या इंजिनाचा खर्च वाया जाईल.

नवे इंजिन निवडताना हॉर्सपॉवर सर्वांत शेवटी पाहावी. आधी शाफ्टचा व्यास, डेकखाली उतरणारी लांबी, चावीच्या खाचेची रुंदी, टोकाच्या आट्यांचे माप आणि बोल्टांच्या भोकांमधले अंतर जुन्या इंजिनावरून व्हर्नियरने मोजून लिहून घ्यावे. ७/८ इंच म्हणजे २२.२ मिमी आणि २५ मिमी ही दोन्ही मापे प्रचलित आहेत आणि नुसत्या डोळ्यांना ती सारखीच वाटतात, पण पात्याचा हब (पाते शाफ्टवर धरणारा भाग) एकावरचा दुसऱ्यावर बसत नाही. यंत्र स्वतः पुढे चालणारे असेल तर पुलीसाठी शाफ्टवर जास्तीची जागा लागते, हे अनेकदा इंजिन घरी आल्यावर लक्षात येते. ब्रेक आणि थ्रॉटल यांच्या केबल कोणत्या बाजूने येतात तेही जुळायला हवे. हँडल सोडल्यावर पाते तीन सेकंदांत थांबावे असा नियम अमेरिकेत १९८२ पासून आहे, आणि ब्रेक नसलेले इंजिन स्वस्त मिळाले तरी ते मॉवरवर बसवू नये. कमाल वेगही पाहावा. ५३ सेंमी लांबीच्या पात्याचे टोक मिनिटाला ३,००० फेऱ्यांना सेकंदाला सुमारे ८३ मीटर धावते आणि ३,६०० फेऱ्यांना सुमारे १०० मीटर, तर अमेरिकी मानकातली मर्यादा ९६ मीटरच्या आसपास आहे. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून वेग वाढवणे म्हणूनच धोक्याचे.

जुने इंजिन उतरवण्यापूर्वी केबल, स्प्रिंगा आणि लिव्हर यांची प्रत्येक बाजूने छायाचित्रे घ्यावीत, कारण स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे नंतर कोणालाच आठवत नाही. पात्याचा बोल्ट सोडवताना पाते आणि डेक यांच्यामध्ये ठोकळा घालावा. बसवताना हबची चावी नवी घ्यावी, शाफ्टला गंजरोधक ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि पात्याचा बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंतच आवळावा.

नवे इंजिन बहुधा ऑइल न भरता पाठवलेले असते आणि कोरडे इंजिन सुरू केले तर ते काही क्षणांत कायमचे निकामी होते, म्हणून पेट्रोलच्या आधी ऑइल भरावे. लहान मॉवरला साधारण अर्धा लिटरहून थोडे अधिक लागते, पण ते हळूहळू ओतून पट्टीवर पातळी पाहावी, कारण जास्त झालेले ऑइलही धुराच्या रूपानेच बाहेर येते. पहिल्यांदा सुरू केल्यावर लगेच गवतात नेऊ नये. काही मिनिटे सपाट जागेवर चालवून गळती, थरथर आणि हँडल सोडल्यावर पाते थांबते का हे पाहावे, नंतर वायर काढून सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. पुस्तिकेत सुरुवातीच्या तासांनंतर ऑइल बदलायला सांगितले असेल, बऱ्याच इंजिनांत ते पहिल्या पाच तासांनंतर असते, तर इंजिन गरम असतानाच ते काढावे, म्हणजे त्यातला धातूचा बारीक कीसही सोबत निघून येतो.