इमेज सायटोमेट्री: पेशींच्या प्रतिमांवरून विश्वासार्ह आकडे कसे मिळवावेत

कऱ्हाड, मिरज, सांगली किंवा साताऱ्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आणि त्याला जोडलेला डिजिटल कॅमेरा असेल, तर इमेज सायटोमेट्री, म्हणजे पेशींच्या प्रतिमांवरून केलेली मोजणी, सुरू करण्यासाठी स्वतंत्र महागड्या यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. द्रवाच्या प्रवाहातून एकेक पेशी लेझरसमोरून नेणारी फ्लो सायटोमेट्री सेकंदाला हजारो पेशी मोजते हे खरे. पण एखादे प्रथिन केंद्रकात आहे की केंद्रकाबाहेर, हे तिच्या नेहमीच्या यंत्रावर कळत नाही आणि कर्करोगाच्या संशोधनात पुष्कळदा नेमके तेच जाणून घ्यायचे असते. मशेरी आणि तंबाखूच्या सवयी घरोघरी पाहिलेल्या आपल्या भागातील विद्यार्थी तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर एखादे औषध तपासत असतील, तर त्या औषधाने डीएनए तुटतो का आणि पेशीचक्राच्या कोणत्या टप्प्यात तुटतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच काचेवरून मिळू शकतात.

कव्हरस्लिपवर, म्हणजे पातळ काचेच्या तुकड्यावर, पेशी विरळ वाढवाव्यात, कारण एकमेकींवर चढलेल्या पेशी नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट सुट्या होत नाहीत. औषध दिलेल्या पेशींबरोबर तीन नियंत्रणे ठेवावीत: ज्या द्रावकात औषध विरघळवले तो द्रावक तेवढाच दिलेल्या पेशी, डीएनए तोडणारे इटोपोसाइड दिलेल्या पेशी आणि पहिली अँटीबॉडी न लावता केवळ दुसरी लावलेल्या पेशी. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये १५ मिनिटे स्थिरीकरण फ्यूम हूडमध्येच करावे. त्यानंतर सौम्य ट्रायटन या डिटर्जंटने पेशीपटल सच्छिद्र करून, अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून बीएसए या प्रथिनाने ब्लॉकिंग करून गॅमा-एचटूएएक्सची पहिली अँटीबॉडी आणि मग तिला चिकटणारी, चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी लावावी. डीएनएचे दोन्ही धागे तुटतात तेथे एचटूएएक्स या हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) फॉस्फेट बसते; त्या रूपालाच गॅमा-एचटूएएक्स म्हणतात आणि पहिली अँटीबॉडी तेच ओळखते. शेवटी डॅपी हे डीएनए चमकवणारे रंगद्रव्य लावावे. डॅपी डीएनएच्या एटी-बहुल भागांना चिकटते आणि ते पुरेशा प्रमाणात, सर्व काचांना सारखाच वेळ दिले, तर केंद्रकाची एकूण चमक डीएनएच्या प्रमाणात वाढते.

प्रतिमा घेताना सर्वांत जास्त काळजी एक्स्पोजरची घ्यावी. सर्वांत तेजस्वी काच, म्हणजे बहुधा इटोपोसाइडची, प्रथम पाहावी आणि एकही पिक्सेल कमाल मूल्याला, म्हणजे १२-बिट कॅमेऱ्यात ४०९५ ला, टेकणार नाही असे एक्स्पोजर ठरवावे. त्यानंतर प्रयोग संपेपर्यंत ते बदलू नये. स्वयंचलित एक्स्पोजर प्रत्येक काच सारखीच उजळ दाखवते आणि जो फरक मोजायचा तोच पुसून टाकते. मर्क्युरी दिवा असल्यास तो आधी पुरेसा तापू द्यावा आणि विजेचा दाब वरखाली होत असल्यास यूपीएस वापरावा. चित्रक्षेत्रे गॅमा-एचटूएएक्सचा रंग पाहून निवडू नयेत. डॅपीच्या प्रतिमेवरून किंवा आधी ठरवलेल्या ओळीने निवडावीत. फाइल टीआयएफएफमध्येच जतन करावी, कारण जेपीईजी पिक्सेलची मूल्येच बदलते.

मोजणीसाठी सेलप्रोफायलर आणि फिजी ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. ओत्सू पद्धतीने उंबरठा, म्हणजे केंद्रक आणि पार्श्वभूमी वेगळी करणारे चमकेचे मूल्य, ठरवून केंद्रके ओळखता येतात. तासगावच्या द्राक्षघडातील मण्यांसारखी चिकटलेली केंद्रके वॉटरशेड पद्धतीने वेगळी करावीत आणि काही प्रतिमांवर संगणकाने काढलेल्या कडा स्वतः डोळ्यांनी तपासाव्यात. चौकटीच्या कडेला कापली गेलेली केंद्रके वगळावीत व पार्श्वभूमीची चमक वजा करावी.

येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांकडून फार वेळा सुटतो. डीएनएसाठी सरासरी चमक नव्हे, तर संपूर्ण केंद्रकाची एकूण चमक घ्यावी, कारण विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट होतो तेव्हा केंद्रकही मोठे होते आणि सरासरी फारशी हलत नाही. एकूण चमकेचा हिस्टोग्राम काढल्यावर जी-वन टप्प्याचे (डीएनए दुप्पट होण्यापूर्वीचे) पहिले शिखर आणि त्याच्या साधारण दुप्पट जागी जी-टू व विभाजन टप्प्याचे (डीएनए दुप्पट झाल्यानंतरचे) दुसरे शिखर दिसले पाहिजे. ही शिखरे औषध न दिलेल्या पेशींतही दिसत नसतील, तर गॅमा-एचटूएएक्सच्या आकड्यांकडे वळूच नये. रंगवणे, प्रकाशाची समानता किंवा केंद्रकांची विभागणी यांपैकी कोठेतरी बिघाड आहे, तो आधी शोधावा. शिखरे जुळली, की प्रत्येक टप्प्यातील पेशींची तुलना त्याच टप्प्यातील पेशींशी करावी, कारण डीएनएची प्रत तयार होत असताना औषधाविनाही काही गॅमा-एचटूएएक्स दिसते.

एका काचेवर दोन हजार पेशी मोजल्या, म्हणून नमुना-संख्या दोन हजार होत नाही. वेगवेगळ्या दिवशी स्वतंत्रपणे केलेले प्रयोग हीच खरी संख्या असून ते किमान तीन असावेत.

रुग्णांच्या ऊतींवर काम करायचे असल्यास संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. तेथे क्यूपाथ हे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे पडते. मात्र ४-५ मायक्रॉन जाडीच्या छेदात बहुतेक केंद्रके अर्धवट कापलेली असल्याने, वर सांगितलेली डीएनएची मोजणी त्या छेदांवर जशीच्या तशी लावू नये.