आधी पिसा, मग वाटा: आकडे पुन्हा न येता निवडायची रीत

आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका रात्री हाऊजी असतेच. १ ते ९० आकड्यांच्या सोंगट्यांची पिशवी होती, पण तिच्यातल्या दोन-तीन सोंगट्या हरवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरचे क्लास घेता, तुम्हीच काहीतरी करा." मी पायथनमध्ये चार ओळी लिहिल्या: बटण दाबलं की १ ते ९० मधला एक आकडा पडद्यावर. घरी पाच-सहा वेळा दाबून पाहिलं, ठीक चाललं. मांडवात मात्र दहा-बारा आकडे होतात न होतात तोच पुढच्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "अगं, सदतीस मघाशीच झाला की!"

काकूंचं बरोबर होतं. पिशवीतून सोंगटी काढली की ती बाजूला राहते. माझा प्रोग्रॅम मात्र प्रत्येक सोंगटी दाखवून परत पिशवीत टाकत होता. अशा रीतीने काढलेल्या पहिल्या बारा आकड्यांत एखादा तरी पुन्हा येण्याची शक्यता साडेत्रेपन्न टक्के असते. घरी पाच-सहा वेळा दाबून हा दोष दिसणं कठीणच होतं.

यावर बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो असा: झालेले आकडे एका यादीत ठेवा, नवा आकडा यादीत असेल तर तो सोडून पुन्हा काढा. हा चुकीचा नाही. दहा लाख पावती क्रमांकांतून पाच बक्षिसं काढायची असतील तर मीही हेच करीन, कारण तिथे टक्कर क्वचितच होते. पण सगळेच आकडे संपवायचे असतील तर शेवटी शेवटी फार फेऱ्या फुकट जातात. ८९ आकडे झाले की उरलेला एक सापडायला सरासरी ९० वेळा काढावं लागतं, आणि पूर्ण ९० संपायला सरासरी सुमारे ४५७ वेळा. मला तर हा विचारच उलटा वाटतो. चूक होऊ द्यायची आणि मग ती पकडायची, त्यापेक्षा चूक होणारच नाही अशी मांडणी का करू नये?

पत्ते खेळताना आपण काय करतो? आधी पिसतो, मग वरून एकेक वाटतो. वाटताना कोणी तपासत नाही की हा पत्ता आधी गेला का. इथेही तेच करायचं. १ ते ९० ची यादी एकदा पिसायची आणि मग क्रमाने पुढे जायचं.

पिसण्याची खात्रीची रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये आपल्या संख्याशास्त्रीय कोष्टकांच्या पुस्तकात दिली, तीही कागद-पेन्सिलीने करायची. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी ती संगणकाला सोयीची करून मांडली. मी क्लासमध्ये ती पाच चिठ्ठ्यांवर करून दाखवते. तुम्हीही एकदा हाताने करून बघा.

टेबलावर ओळीने ठेवा: ७, १८, ४२, ६३, ९०. शेवटच्या, म्हणजे पाचव्या जागेपासून सुरुवात. १ ते ५ मधली एक जागा यादृच्छिक काढा. समजा २ आली. दुसरी आणि पाचवी चिठ्ठी अदलाबदल करा: ७, ९०, ४२, ६३, १८. पाचवी जागा पक्की झाली, तिला आता हात लावायचा नाही. मग चौथी जागा, निवड १ ते ४ मधून. १ आली: ६३, ९०, ४२, ७, १८. तिसऱ्या जागेसाठी १ ते ३ मधून ३ आली, म्हणजे ४२ जिथल्या तिथे. दुसऱ्यासाठी १ ते २ मधून १ आली: ९०, ६३, ४२, ७, १८. झालं. चार पावलं, आणि चिठ्ठ्यांचे सगळे १२० क्रम सारख्याच शक्यतेचे.

मुलं नेमकी दोन ठिकाणी घसरतात. "स्वतःच्याच जागी कशाला ठेवायची?" म्हणून ती जागा निवडीतून वगळतात. मग कुठलीच चिठ्ठी मूळ जागी राहू शकत नाही आणि तीन चिठ्ठ्यांच्या सहा क्रमांपैकी फक्त दोनच निघतात. दुसरी चूक जास्त फसवी आहे: प्रत्येक पावलाला उरलेल्या जागांतून निवडायचं सोडून सगळ्याच जागांतून निवडणं. तीन चिठ्ठ्यांत असं केलं तर निवडी होण्याच्या ३ × ३ × ३ म्हणजे २७ वाटा होतात, आणि क्रम सहाच. २७ ला ६ ने भाग जात नाही, तेव्हा समान वाटणी होणारच नाही. तीन क्रमांना पाच-पाच वाटा मिळतात, तीन क्रमांना चार-चार.

डोळ्यांना हे कधीच दिसत नाही, म्हणून मोजायचं. तीन चिठ्ठ्या ६००० वेळा पिसा आणि प्रत्येक क्रम किती वेळा आला ते लिहा. बरोबर रीतीत सगळे आकडे हजाराच्या आसपास येतात. चुकीच्या रीतीत काही १११० च्या जवळ जातात, काही ८९० च्या. माझ्या क्लासमध्ये ही मोजणी केल्याशिवाय मी वही तपासत नाही.

पायथनमध्ये हे तयार मिळतं. रँडम.शफल यादी जागच्या जागी पिसतं आणि परत काहीच देत नाही. "यादी = रँडम.शफल(यादी)" असं लिहिलंत तर यादी गेली, हातात फक्त "नन", म्हणजे काहीच नाही. रँडम.सॅम्पल मूळ यादीला धक्का न लावता हवी तेवढी निवड देतं. रँडम.चॉइसेस मात्र पुनरावृत्ती करतं, नावावरून गोंधळू नका. आणि रेंज १ ते ९१ लिहा, कारण पायथन शेवटचा आकडा धरत नाही, नाहीतर नव्वद कधी येणारच नाही. एक्सेलवाल्यांनी आकड्यांशेजारच्या रकान्यात रँड (० ते १ मधली यादृच्छिक संख्या देणारं सूत्र) भरावं, ती मूल्यं "पेस्ट व्हॅल्यूज"ने गोठवावीत आणि त्यांवर सॉर्ट करावं. दोन आकड्यांमधला कुठलाही आकडा देणारं रँडबिटवीन वापरलंत की काकूंचा सदतीस परत येईल.

सॅम्पल जागा निवडतं, नावं नाही, हेही ध्यानात असू द्या. लकी ड्रॉच्या यादीत ब-२०४ दोनदा टाइप झालं असेल तर ते दोनदा निघू शकतं. आधी यादीतली दुबार नावं काढा, मगच पिसा. पैशांची सोडत असेल तर नेहमीचं रँडम नको, त्याचे पुढचे आकडे ओळखता येऊ शकतात; पायथनच्याच सीक्रेट्स मॉड्यूलमधलं सिस्टिमरँडम घ्या. त्यालाही सॅम्पल आहे.

पुढच्या वर्षी मी दुपारीच ९० आकडे पिसले, तो क्रम फाइलमध्ये ठेवला आणि कितवा आकडा चालू आहे तेही दर वेळी लिहून ठेवायची सोय केली. क्रमाचा कागद छापून पाकिटात बंद केला आणि काकूंकडे दिला. रात्री ऐन रंगात लाइट गेली आणि बॅटरी संपलेला लॅपटॉप बंद पडला. जनरेटर लागल्यावर खेळ बेचाळिसाव्या आकड्यापासून पुढे सुरू झाला. फुल हाऊस लागल्यावर काकूंनी पाकीट फोडलं आणि पेन घेऊन एकेक आकडा टिकमार्क करत बसल्या.