गाडी ‘हीट मारते’, म्हणजे इंजिन जास्त तापतं, पण केव्हा? गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या मुलांसाठी

आमचं गॅरेज पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पुण्याकडच्या पायथ्याशी. एप्रिल-मे महिन्यात, त्यातून सलग सुट्ट्या आल्या की घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या काही टोचन लावून आमच्या दारात येतात. आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून जी मुलं इथे शिकायला येतात, त्यांच्या हाती मी गाडी का तापते ते शोधायचं हेच काम आधी देतो. हात कमी आणि डोकं जास्त चालवावं लागेल असं दुसरं काम गॅरेजात क्वचितच असेल.

नवा मुलगा बहुतेक वेळा काय करतो? बॉनेट उघडतो आणि म्हणतो, “थर्मोस्टॅट गेला असेल.” थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, वाट उघडणारी झडप) बदलून झाला की वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप), मग रेडिएटर, शेवटी हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग). एवढं बदलल्यावर काहीतरी लागू पडतंच, पण बिल गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बसतं आणि आपण शिकत काहीच नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा: तापमानाचा काटा वर जातो तो नेमका केव्हा? सिग्नलला किंवा टोलनाक्याच्या रांगेत चढत असेल आणि गाडी पळायला लागली की उतरत असेल, तर आधी पंख्याकडे बघा. फ्यूज, रिले, मोटर, दोन स्पीडच्या पंख्यात रेझिस्टर, आणि जुन्या डिझेल जीपगाड्यांत व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर पंख्याला इंजिनाशी जोडणारा क्लच). उलट, सपाट हायवेला ऐंशीच्या वेगात गरम होत असेल तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्या वेगाला समोरून येणारी हवाच पुरते. तिथे कूलंटच्या प्रवाहात अडथळा असतो: आतून चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, वॉटर बॉडीतला झिजलेला इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक), किंवा नरम पडलेला आणि रेस दिली की आत चिकटणारा खालचा होज पाइप. काटा फक्त घाटात चढत असेल तर दोन्हीकडे बघावं लागतं, कारण तिथे इंजिनावर लोड जास्त आणि वेग कमी. आणि सकाळी थंड गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटांतच पारा चढत असेल, तर कूलंट संपलंय, एअर लॉक आहे (आत हवा अडकलीय), थर्मोस्टॅट बंदच राहिलाय किंवा सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये शिरतोय.

आणखी दोन प्रश्न न चुकता विचारा. पाणी किती दिवसांनी टाकावं लागतं? आणि अलीकडे कुठलं काम करून घेतलंय का? होज किंवा वॉटर बॉडी बदलल्यावर एअर नीट काढली नाही म्हणून गरम होणाऱ्या गाड्या भरपूर येतात. गिऱ्हाईक हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते काम ‘झालेलं’ असतं.

यानंतर गाडी खरंच गरम होते का, ते तपासा. अनेक छोट्या गाड्यांत आता काटाच नसतो, नुसता निळा-लाल दिवा असतो. जिथे काटा आहे, तिथेही तो बऱ्याचदा 80 ते 105 अंशांपर्यंत मधोमधच उभा राहील असा बसवलेला असतो. तेव्हा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून प्रत्यक्ष आकडा वाचा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. वीस अंशांचा फरक असेल तर आधी सेन्सरवर संशय घ्या. आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: चढलेला काटा घाटात एकदम खाली पडला तर गाडी थंड झाली असं समजू नका. कूलंट इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सर पाण्याबाहेर हवेत उघडा पडला. अशा वेळी गाडी जागच्या जागी बंद करायची.

आकड्यांचा अंदाज असावा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो, पंखा बहुतेक गाड्यांत 95 ते 100 च्या आसपास सुरू होतो. एसी लावून घाट चढताना 105 दिसलं म्हणून घाबरू नका. 115 दिसून आकडा वरच जात असेल तर मात्र थांबा. या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा दाब लिहिलेला असतो. त्या दाबामुळे निम्मं कूलंट-निम्मं पाणी हे मिश्रण 120 च्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. झाकणाचं रबर गेलेलं आणि आत नुसतं पाणी असेल, तर घाटमाथ्यावर ते शंभराच्याही आत उकळतं. गिऱ्हाईक म्हणतं इंजिन बसलं, आणि गेलेलं असतं फक्त झाकण.

आता हाताने करायची तपासणी. इन्फ्रारेड थर्मामीटर हजार-दीड हजारात मिळतो, पहिल्या पगारातून तो घ्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखला तर खोटं वाचन देतो, म्हणून रबरी होजवर रोखा. इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरचा वरचा होज आणि खालचा होज, दोन्हींचं तापमान घ्या. वरचा कढत आणि खालचा थंडच राहिला, तर कूलंट फिरत नाहीये. दोन्ही जवळपास सारखेच कढत असतील, तर कूलंट फिरतंय पण उष्णता बाहेर टाकली जात नाहीये. थर्मोस्टॅट कुठल्या बाजूला बसवलाय ते आधी बघून घ्या. तो वरच्या होजकडे असेल आणि बंद राहिला असेल, तर वरचा होजसुद्धा कोमटच राहतो.

मागच्या उन्हाळ्यात एक डिझेल सेदान आली होती. दुसऱ्या गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट आणि वॉटर बॉडी नवी टाकून झाली होती, आणि आता हेड उतरवायला सांगितलं होतं. मी विचारलं, “दादा, एसी बंद ठेवून घाट चढून बघितलाय का?” म्हणाले, “एसी बंद असला तर जेमतेम चढते, मिस्त्री.” स्कॅनर 103 दाखवत होता. वरचा होज 98, खालचा 95. पंखा दोन्ही स्पीडला चालू. म्हणजे कूलंट फिरतंय, हवाही ओढली जातेय, मग अडतंय कुठे? समोरून जाळीतून बघितलं तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे बसवलेली एसीची जाळी) स्वच्छ दिसत होता. मुलाला रेडिएटरच्या वरच्या ब्रॅकेटचे बोल्ट काढायला लावले, रेडिएटर थोडा मागे झुकवला आणि कंडेन्सर-रेडिएटरच्या फटीत बॅटरी मारली. तिथे धूळ, किडे, गवताचं कुसळ आणि उसाच्या पाचटाचा भुसा मिळून गोधडीसारखा थर बसला होता. साध्या नळीने, इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला पाणी मारून तो काढला. प्रेशर वॉशर जवळून मारला की जाळीच्या पातळ पत्र्या (फिन) वाकतात, तो मोह टाळा. संध्याकाळी एसी लावून घाट चढलो, 98 च्या वर गेली नाही.

आतला चोक मात्र वेगळा. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं टाकलेल्या गाडीत नळ्यांना आतून क्षार धरतात. रेडिएटरच्या जाळीवर थर्मामीटर फिरवला की मध्येच थंड पट्टे लागतात, तिथल्या नळ्या बंद आहेत असं समजा. जुन्या पितळी रेडिएटरला रॉडिंग करता येतं, म्हणजे नळ्यांत सळई घालून त्या साफ करता येतात. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर नवाच टाकावा, असं माझं मत.

हेड गॅस्केटचं नाव पुराव्याशिवाय घेऊ नका. सकाळी थंड गाडीचं झाकण काढून इंजिन सुरू करा. रेस दिली की बुडबुडे वाढतात का? झाकण लावून सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच होज दगडासारखा कडक होतो का? ब्लॉक टेस्टरचं (कूलंटमध्ये सिलिंडरचा गॅस आहे का ते दाखवणाऱ्या साधनाचं) निळं द्रव पिवळं पडलं तर मात्र बोलायला जागा आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली एवढ्यावर हेड उतरवू नका. पावसाळ्यात गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती नुसत्या वाफेनेही धरते. हेड उतरवलंच, तर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) लावून ते वाकलंय का बघा. छोट्या इंजिनांत 0.05 मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही. आणि गॅस्केट उडालं ते कशामुळे, हे शोधल्याशिवाय नवं टाकलंत, तर तेही उडेल.

थर्मोस्टॅट काढूनच टाकायची जुनी सवय अजून गेलेली नाही. तो काढला की गाडी नेहमी थंड चालते, डिझेल जास्त पिते. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहते आणि गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. म्हणजे रोग कायमच.

गरम गाडीचं झाकण कुणीही, मालकाने घाई केली तरीही, उघडायचं नाही. वरचा होज हाताने सहज दाबला जाईपर्यंत थांबायचं. तापलेल्या इंजिनावर थंड पाणीही ओतायचं नाही, हेडला तडा जातो.

तपासणीचे पैसे वेगळे मागायला लाजू नका. भाग न बदलता दोष सापडला तर बिलात दाखवायला काही नसतं, तेव्हा हे आधीच बोलून घ्यावं. काम झाल्यावर कूलंट हळूहळू भरा, एअर काढा, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून तिथून गरम हवा येते का बघा. नंतर स्कॅनर लावून, एसी चालू ठेवून घाट चढा. गाडी रात्रभर ठेवून घेता आली तर ठेवा आणि सकाळी थंड असताना पातळी पुन्हा बघूनच चावी द्या.